उठता येईल अशी गादी

दिघ्यातल्या घरात म्हाताऱ्या माणसासाठी गादी घ्यायची, तर कंपनीचं नाव ठरवण्याआधी हातात टेप घ्यावी लागते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कळवा मागे पडलं की नवी मुंबईची हद्द इथूनच सुरू होते. मागे पारसिकचा डोंगर, पुढे टीटीसी औद्योगिक पट्टा, आणि मधल्या जागेत इलठणपाडा, यादवनगर अशा वस्त्यांमधली एकमेकांना टेकलेली घरं. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, तिथे चढायला लोखंडी शिडी. दिवसा दिवाणावर पाहुणे बसतात, रात्री त्यावर कोण झोपणार हे घरातल्या माणसांच्या वयापेक्षा त्यांच्या शिफ्टवर ठरतं. अशा घरात आजी बहुधा जमिनीवर झोपते. खाली बसणं तिला अजून जमतं. पहाटे उठणं जमत नाही.

गादीवरचं बहुतेक लिखाण मोठ्या बेडरूमसाठी असतं. पाच बाय साडेसहाचा पलंग, दोन्ही बाजूंनी फिरायला जागा, भिंतीवर एसी. दिघ्यातला माणूस ते वाचून काय करणार? मुकुंदसारख्या कारखान्यांत आणि या रस्त्यावरच्या रासायनिक कंपन्यांत तीस-तीस वर्षं उभ्यानं काम केलेले कितीतरी लोक आज सत्तरीत आहेत. कंबर आणि गुडघे त्यांनी कामावरच झिजवले. त्यांच्यासाठी गादी निवडण्याचा प्रश्न वेगळा आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते: वयस्क माणसाची गादी झोपताना किती मऊ लागते यावर जोखू नये. रात्री कूस बदलताना आणि पहाटे उठताना ती किती साथ देते, यावर जोखावी. उंची, कडा आणि कडकपणा या तीन गोष्टी आधी. फोम कोणता, कंपनी कोणती, वॉरंटी किती, हे सगळं त्यानंतर.

आधी उंचीचं पाहू. तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं आणि सर्वांत जास्त त्रास तिचाच होतो. साठीनंतर रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागणं अगदी सामान्य आहे. पुरुषांत प्रोस्टेटमुळे, मधुमेह्यांत साखरेमुळे, रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे. म्हणजे वर्षाकाठी सातशे ते हजार वेळा अंधारात, अर्धवट झोपेत ते माणूस गादीच्या कडेवर बसून उभं राहतं. गादी फार खाली असेल तर गुडघ्यांवर सगळा भार येतो. फार वर असेल तर पाय लोंबकळतात, माणूस घसरत खाली उतरतं आणि तोल जातो. दोन्हीकडे शेवटी खुब्याच्या हाडाची भीती.

योग्य उंची शोधायला तक्ता लागत नाही. घरातल्या ज्या खुर्चीवरून आजोबा हात न टेकता, झोका न घेता उठतात, त्या खुर्चीची उंची मोजा. साधी प्लास्टिकची खुर्ची साधारण सतरा इंचांची असते. गादीच्या कडेवर बसल्यावर, म्हणजे गादी दबल्यानंतर, बूड तेवढ्याच उंचीवर यायला हवं. पावलं पूर्ण जमिनीला टेकलेली, खुबा गुडघ्यापेक्षा किंचित वर. ठेंगण्या बाईसाठी ही उंची एखाद-दोन इंच कमी भरेल. आता गडबड कुठे होते ते पाहा. घरात सोळा इंचांचा बॉक्स-दिवाण असतो, त्यावर वर्षानुवर्षं दोन इंचांची दबलेली गादी. आईला आराम मिळावा म्हणून मुलगा हौसेनं आठ इंच जाडीची गादी आणतो. बैठक एकदम बावीस-तेवीस इंचांवर जाते. गादी उत्तम, किंमत चांगली, आणि आई तिच्यावर चढू शकत नाही. मग ती पुन्हा खाली चटई टाकते आणि घरात म्हणतात, तिला सवयच नाही. सवयीचा काही संबंध नसतो. अशा दिवाणावर तीन-चार इंचांची घट्ट गादी पुरते.

जिथे दिवाणच नाही तिथे काय? दिघ्यात हा प्रश्न खरा आहे आणि त्याला नुसत्या गरिबीचं कारण नाही. 2015 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इथल्या बेकायदा इमारतींवर हातोडा पडला. माणसं संसार बाहेर काढून रस्त्यावर उभी राहिलेली सगळ्यांनी पाहिली. घराचीच शाश्वती नसेल तर भिंतीएवढा जड पलंग करून घ्यायला मन धजावत नाही, हे समजण्यासारखं आहे. अशा घरासाठी तीन बाय सहाची लोखंडी कॉट हा मला सर्वांत शहाणा पर्याय वाटतो. ती उचलता येते, खाली ट्रंका ठेवता येतात, आणि पायांखाली लाकडी ठोकळे देऊन उंची वाढवता येते. मात्र तिच्या पत्र्याच्या पट्ट्या किंवा जाळी मधोमध खाली गेलेली असते. त्यावर कितीही महाग गादी टाका, ती त्या खळग्याचाच आकार घेणार. पाऊण इंची नको, अर्ध्या इंचाचा, म्हणजे बारा मिलिमीटरचा प्लाय मापात कापून घालावा आणि त्याला हवेसाठी पाच-सहा भोकं पाडून घ्यावीत. कित्येक घरांत नव्या गादीची गरजच नसते. बिघडलेली असते खालची बैठक.

आणि जमिनीवरच झोपायचं असेल, तर गादी किमान चार इंचांची आणि घट्ट हवी, भिंतीला लागून हवी, आणि हाताशी आधार हवा. स्नानगृहात बसवतात तसं स्टीलचं हँडल भिंतीत पक्कं बसवून घेतलं, किंवा उशाशी न हलणारा जड लाकडी स्टूल ठेवला, तर आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग स्टुलावर हात टेकून उठता येतं. पोटमाळ्यावर मात्र वयस्क माणसाला झोपवू नये. शिडी उतरताना लागणारा तोल सत्तरीत उरत नाही आणि पत्र्याखालची उन्हाळ्यातली उष्णता त्या वयाला सोसत नाही. जागा नाही हे मला मान्य आहे. तरी वर जायचं ते तरुणांनी.

आता कडकपणा. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या एक समजूत चालत आली आहे की पाठ दुखते तर फळीवर झोपावं. डॉक्टरही पूर्वी तसं सांगत. 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या 313 जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली, कोणाला कोणती हे त्यांना कळू दिलं नाही. कडकपणा मोजायची एक युरोपीय पट्टी आहे, तिच्यावर 1 म्हणजे अगदी कडक आणि 10 म्हणजे अगदी मऊ. कडक गादी 2.3 वर होती, मध्यम 5.6 वर. नव्वद दिवसांनी मध्यम गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. अंथरुणातलं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि दिवसभरातली अडचण, तिन्ही. फळीच्या सल्ल्याला त्यानंतर आधार उरला नाही.

पण हा अभ्यास वापरताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्यात भाग घेतलेले बहुतेक मध्यमवयीन होते. सत्तरीपुढचं शरीर वेगळं असतं. कातडीखालची चरबी आणि मांस कमी झालेलं असतं, खुबा आणि खांदा हाडासारखे टोचतात. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होतात, पाठीला बाक येतो. अठ्ठेचाळीस किलोची, पोक आलेली आजी आणि ऐंशी किलोचे आजोबा एकाच गादीला ‘मध्यम’ म्हणणार नाहीत. हलक्या शरीराला तीच गादी कडक लागते, कारण तिला दाबायला वजनच पुरत नाही. म्हणून माझा कल असा: खालचा थर घट्ट, आणि वर इंच-दीड इंचाचा मऊ थर. वजन जास्त असेल तर वरचा थर पातळ. पाठीला बाक असेल तर वरचा थर थोडा अधिक आणि उशी उंच, नाहीतर डोकं मागे लटकतं आणि सकाळी मान धरते.

वरच्या मऊ थरासाठी पैसे घालायलाच हवेत असं नाही. जुन्या सुती साड्यांची पाच-सहा पदरी गोधडी हा उत्तम थर आहे. ती हवा खेळू देते, घाम शोषते, धुता येते. बाजारात मिळणाऱ्या महागड्या टॉपरपेक्षा मुंबईच्या हवेत मला गोधडी जास्त पसंत आहे.

कडकपणा तपासण्याची एक साधी पद्धत आहे. माणसाला गादीवर पाठीवर झोपवा आणि कंबरेच्या पोकळीत हात सरकवून पाहा. हात सहज आरपार गेला, मध्ये पोकळी राहिली, तर गादी कडक. हात आत जाईचना आणि कंबर खाली बुडालेली दिसली, तर फार मऊ. हात थोडा अडत, घासत जायला हवा. मग कुशीवर वळायला सांगा. वळताना त्यांना हाताचा जोर लावावा लागला का, दम लागला का, हे बघा. शेवटी कडेवर बसवा आणि उठायला सांगा. कड दबून घसरगुंडी होत असेल तर ती गादी तिथेच सोडून द्यावी. एवढं करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. दुकानदारानं तेवढा वेळ दिला नाही तर दुसरं दुकान बघावं. ठाणे एका स्थानकावर आहे. दिघा गाव स्थानक 12 जानेवारी 2024 पासून सुरू झाल्यानं आता आजोबांना सोबत घेऊन जाणंही पूर्वीपेक्षा सोपं आहे, पूर्वी त्यासाठी ऐरोली किंवा कळवा गाठावं लागे.

सोबत घेऊन जाण्यावर मी जोर देते आहे, कारण हेच होत नाही. मुलगा मोबाइलवर मागवतो, सून रंग निवडते, नात अभिप्राय वाचते, आणि ज्याला त्यावर झोपायचं त्याला गादी घरी आल्यावर दिसते. त्याहून जास्त खटकणारी चाल म्हणजे नवी गादी मुला-सुनेच्या खोलीत आणि त्यांची जुनी, मधोमध खळगा पडलेली गादी आई-वडिलांना. कोणी वाईट हेतूनं असं करत नाही. आईच म्हणते, मला कशाला नवीन. पण तरुण पाठ खळग्यातही निभावून नेते, म्हातारी पाठ नेत नाही. घरात एकच नवी गादी येणार असेल तर ती वयानं मोठ्या माणसाची.

कशाची गादी, यावर आता येते. कापसाची गादी अजून दिघा-कळव्याच्या बाजूला भरून मिळते, ‘गादी कारखाना’ अशी पाटी असलेली दुकानं ठाणे-कल्याण पट्ट्यात सगळीकडे आहेत. खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार फिरणारे पिंजारी आता क्वचित, कापूस यंत्रावरच पिंजला जातो. नव्या भरलेल्या कापसाच्या गादीचा कडकपणा मध्यमाच्या जवळ असतो, ती गरम होत नाही, आणि बिघडली की फेकावी लागत नाही. उसवून, पिंजून, मूठभर नवा कापूस घालून पुन्हा भरता येते. हवी त्या मापाची मिळते, हेही महत्त्वाचं, कारण आपल्या दिवाणांची मापं कंपनीच्या मापांशी जुळत नाहीत. तिचे दोष दोन. वर्षा-दोन वर्षांत कापूस बसतो आणि गोळे होतात. आणि पावसाळा. चार महिने ओली हवा खाऊन ती जड आणि दमट होते, वास धरते. उन्हात घालायला दहा-बारा किलोचं ओझं गच्चीवर न्यायचं कोणी? ते काम घरातल्या म्हाताऱ्या माणसावर पडणार असेल तर कापूस नको. घरात तरुण हात आहेत आणि गच्ची आहे, तर कमी पैशांत कापसासारखं दुसरं काही नाही.

इथे डेन्मार्कमधला 2008 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आठवतो. कंबरदुखीच्या 160 रुग्णांना तीन प्रकारचं अंथरूण दिलं होतं: पाण्याची गादी, शरीराचा आकार घेणारी फोमची गादी, आणि जपानी फुटॉनच्या धर्तीची कडक गादी. पहिल्या दोन थोड्या सरस ठरल्या, पण फरक लहान होता आणि बरेच लोक मध्येच अभ्यास सोडून गेले. फुटॉन आपल्या कापसाच्या गादीला सर्वांत जवळची. यावरून मी एवढंच घेते की गादीच्या जातीत चमत्कार नसतो. चांगली भरलेली साधी गादी आणि दसपट महाग गादी यांतलं अंतर जाहिरातीत दिसतं तेवढं शरीराला जाणवत नाही.

काथ्याची, म्हणजे रबराईज्ड कॉयरची गादी नारळाच्या सोडणाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून, दाबून करतात. 1962 साली कर्नाटकात सुरू झालेल्या कर्लऑननं ती घरोघर पोचवली. 2023 साली त्या कंपनीला स्लीपवेलच्या मालकांनी, शीला फोमनं, विकत घेतलं. काथ्याची गादी घट्ट, हवेशीर, कड मजबूत. उठायला सर्वांत सोपी. पण नुसता काथ्या हाडं वर आलेल्या शरीराला टोचतो आणि जुना झाला की त्याचा भुगा पडतो, दम्याच्या माणसाला तो त्रास देतो. खाली तीन इंच काथ्या आणि वर एक-दीड इंच फोम असं जोडकाम मात्र वयस्कांसाठी माझ्या मते आज बाजारातलं सर्वांत समतोल आणि परवडणारं आहे. आपल्या हवेला ते मानवतं.

पॉलियुरेथेन फोम, ज्याला कित्येक घरांत अजून डनलॉपच म्हणतात, सर्वांत जास्त विकला जातो आणि फसवणूकही त्यातच जास्त. दुकानदार ‘हाय डेन्सिटी’ म्हणतो. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो. घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: कमी घनतेचा फोमही दुकानात कडक लागू शकतो, फक्त तो लवकर बसतो. रोज झोपायच्या गादीचा आधारथर 32च्या खाली नसावा, 40 असेल तर बरं. हे पडताळायला वजनकाटा पुरतो. सहा फूट बाय तीन फूट आणि चार इंच जाडीचा सलग फोम 32 घनतेचा असेल तर त्याचं वजन साधारण साडेपाच किलो भरतं, 40 घनतेचा असेल तर पावणेसात किलोच्या पुढे. खोळ वेगळी धरायची. त्या मापाची गादी खोळीसकट चार किलोच भरली, तर बोलणंच संपलं. अगदी हलक्या आणि दाबल्यावर करकरणाऱ्या गादीत टीव्हीच्या खोक्यात असतो तसा पॅकिंगचा फोम असतो. चेन असलेली खोळ मागावी आणि उघडून आतले थर स्वतः बघावेत. फोमच्या तुकड्यांचा दाबून केलेला रिबॉन्डेड थर खालच्या आधाराला चांगला, पण नुसत्या त्याचीच गादी हलक्या माणसाला फार कडक होते.

मेमरी फोमची जाहिरात वयस्कांसाठीच केली जाते, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. 1966 साली अमेरिकेत चार्ल्स योस्ट यांनी नासाच्या कामातून तो तयार केला, विमानातल्या आसनांसाठी. शरीराच्या उष्णतेनं तो मऊ होतो आणि आकार घेतो, दाब पसरतो, हाडं टोचत नाहीत. हे सगळं खरं आहे. पण जो फोम शरीराला धरून ठेवतो, तो कूस बदलतानाही धरून ठेवतो. तरुणाला ते कळतही नाही. पार्किन्सन झालेल्या, पक्षाघातातून उठलेल्या किंवा नुसत्या अशक्त माणसाला त्या खळग्यातून बाहेर येणं जड जातं. शिवाय दिघ्यात मे महिन्यात, पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात, पंख्याखाली तो आणखी मऊ आणि आणखी गरम होतो. वरचा इंचभर थर म्हणून चालेल. चार इंच मेमरी फोम आपल्या घरातल्या वयस्कांसाठी मी सुचवणार नाही. नैसर्गिक लॅटेक्स यापेक्षा चांगला, कारण तो दबून लगेच वर येतो आणि वळायला मदत करतो, पण त्याची किंमत आणि वजन दोन्ही भारी. स्प्रिंगच्या गाद्या जाड असतात, दिवाणाची उंची बिघडवतात, आणि साध्या स्प्रिंगवर शेजारचा माणूस हलला की आपण हलतो. एकट्यासाठी तीन बाय सहाची गादी घेणाऱ्यानं त्यात पडू नये.

गादीवर ‘ऑर्थोपेडिक’ छापलेलं असतं. तो शब्द छापण्याआधी कुठली सक्तीची वैद्यकीय परीक्षा द्यावी लागत नाही. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

किमतीचा हिशेब वर्षांवर मांडावा. चार हजारांची गादी दोन वर्षांत बसली तर वर्षाला दोन हजार पडले, आठ हजारांची सात वर्षं टिकली तर अकराशे-बाराशे. पण पंच्याहत्तरीच्या माणसासाठी दहा वर्षांच्या वॉरंटीला मी फार किंमत देणार नाही. दोन-तीन वर्षांत शरीराची गरजच बदलू शकते: वजन घटतं, एखादं ऑपरेशन होतं, अंथरुणात जास्त वेळ जायला लागतो. थर वेगळे करता येतील, वरचा बदलता येईल अशी गादी त्या दृष्टीनं फायद्याची. वॉरंटीतल्या अटीही वाचाव्यात. डाग पडला किंवा खालची बैठक सपाट नसली की बहुतेक कंपन्या हात वर करतात, आणि वयस्क माणसाच्या गादीवर डाग पडणारच. पहिल्याच दिवशी धुता येईल असं, पाणी न झिरपणारं पण हवा जाऊ देणारं कव्हर घालावं. नुसतं मेणकापड नको, त्यावर घाम साचून कातडी सोलवटते. बिल जपून ठेवावं. कबूल केलेली घनता किंवा थर बिलावर लिहून घ्यावेत. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

ऑनलाइन गादी गुंडाळून, दाबून खोक्यात येते. इथल्या गल्ल्यांतून आणि अरुंद जिन्यांवरून ती वर न्यायला सोपी, हा तिचा मोठा फायदा. शंभर रात्री वापरून परत करा असं कंपनी सांगते तेव्हा मात्र लक्षात घ्या: फुगलेली गादी पुन्हा गुंडाळता येत नाही. ती त्या जिन्यावरून उतरवायची कशी, न्यायला कोण येणार, हे मागवण्याआधी विचारून घ्यावं.

इथपर्यंतचं सगळं हिंडत्या-फिरत्या माणसासाठी. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांचा विषय वेगळा आहे आणि त्यात चूक झाली तर जखम होते. एकाच जागी तासन्‌तास दाब राहिला की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही, आणि माकडहाड, खुबे, टाचा इथली कातडी मरायला लागते. हेच बेडसोर. गोऱ्या कातडीवर आधी लाली दिसते. आपल्या सावळ्या रंगावर ती दिसत नाही, तेव्हा बोटांनी चाचपावं: जागा गरम, कडक किंवा सुजलेली लागते. इथे घरोघर पंपवाला एअर बेड घ्यायला सांगतात. त्यातल्या नळ्या आळीपाळीनं फुगतात आणि बसतात, त्यामुळे दाबाची जागा बदलत राहते. तो घ्यावा, साधा एअर बेड दोन-तीन हजारांपासून मिळतो. पण तो आणला म्हणजे काम झालं असं समजणं घातक आहे. ब्रिटनमध्ये दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा हवेच्या गाद्या आणि चांगल्या प्रतीच्या फोमच्या गाद्या यांच्यात ठाम फरक आढळला नाही. त्या रुग्णांची कूस बदलायला, कातडी तपासायला परिचारिका होत्या. खरं काम तेच आहे. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवणं, ओलं झालं की लगेच बदलणं, पोटात प्रथिनं जाणं. दिघ्यात वीज गेली की पंप थांबतो आणि एअर बेड बसतो, म्हणून तो चांगल्या गादीवर घालावा, नुसत्या प्लायवर नाही. रबराची गोल ट्यूब मागे देण्याची जुनी पद्धत सोडावी, तिच्या कडेनंच रक्तपुरवठा तुटतो. कातडी फुटली असेल तर घरगुती मलमात दिवस घालवू नयेत. ऐरोलीचं महापालिकेचं राजमाता जिजाऊ रुग्णालय आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय दोन्ही जवळ आहेत.

एक गोष्ट सरकारला सांगण्यासारखी आहे. राज्यानं 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. 65 वर्षांवरच्या आणि दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या व्यक्तीच्या खात्यात एकदाच तीन हजार रुपये येतात, साधनं घ्यायला. यादीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कंबरेचा पट्टा, मानेची कॉलर आहे. दुखऱ्या कंबरेला दिवसा पट्टा मिळतो. तीच कंबर रात्री आठ तास ज्यावर पडून असते, त्या गादीचं नाव यादीत नाही. तीन हजारांत तीन बाय सहाची बरी गादी येऊ शकते. यादी वाढवायला हवी, आणि हे नगरसेवकापासून ज्येष्ठ नागरिक संघापर्यंत सगळ्यांनी लावून धरायला हवं.

तोपर्यंत हातात हजार-दीड हजारच असतील तर माझा क्रम असा राहील. सर्वांत आधी कॉटवर अर्ध्या इंचाचा प्लाय. मग जुनी कापसाची गादी उसवून, पिंजून पुन्हा भरून घ्यायची. कॉटची उंची खुर्चीशी जुळवायला पायांखाली ठोकळे. उशाशी भिंतीत हँडल आणि मोरीच्या वाटेवर रात्रभर जळणारा झिरोचा दिवा. यातून काही उरलं तर धुता येणारं कव्हर. नव्या गादीचा विचार या सगळ्यानंतर, दिवाळीच्या बोनसवर.